भट्टीचा आकडा कुणाच्या हातात?

लोखंड वितळलं आहे, पण साचा तयार नाही. फौंड्रीतला हा सगळ्यात महाग वेळ. साडेचौदाशे अंशांचा रस तसाच धरून ठेवायचा तर वीज चालू ठेवावी लागते. बंद केली की रस गार होतो, आणि गार झालेला रस परत वर न्यायला आणखी वीज लागते. अर्ध्या टनाच्या इंडक्शन भट्टीचं तोंड जेमतेम अर्ध्या मीटरचं असतं. पण झाकण उघडं राहिलं तर तेवढ्या तोंडातून तासाला तीस-चाळीस युनिटांची उष्णता सहज छपराकडे निघून जाते. प्रारण तापमानाच्या चौथ्या घातानं वाढतं, हा पुस्तकातला नियम तिथं उभं राहिलं की गालांना कळतो.

कोल्हापूरच्या परिसरात, म्हणजे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले आणि जुनं शिवाजी उद्यमनगर धरून, तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत. त्यांतल्या काहींच्या ऊर्जेचा हिशेब तपासणं हे माझं काम. पुष्कळ वर्षं हा हिशेब म्हणजे महिन्याचं वीजबिल भागिले महिन्याचं वितळलेलं लोखंड एवढाच होता. टनाला सहाशे युनिट, सहाशे दहा युनिट. आकडा वहीत नीट लिहिलेला असायचा आणि त्यातून कुणालाच काही समजत नसे. महिन्याच्या सरासरीत चांगली हीट (भट्टी एकदा भरून वितळवलेली खेप) आणि वाया गेलेली हीट एकाच कबरीत पुरलेल्या असतात.

मग कागलच्या एका कारखान्यात भट्टीच्या पॅनलला स्वतंत्र मीटर बसलं आणि दर मिनिटाची नोंद संगणकावर उमटू लागली. पहिल्या आठवड्याचे आलेख छापून मी ऑफिसात मालकांना दाखवले. त्यांनी मान डोलावली, फाईलला लावले. संध्याकाळी तेच कागद घेऊन मी भट्टीवर गेलो. तिथले मेल्टर वयानं माझ्याहून मोठे, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी हातमोजा काढला, कागद दिव्याखाली धरला आणि रेघेवरून बोट फिरवत विचारलं, "साहेब, ह्यो हितं आडवा का झोपलाय?"

रेघ साडेतीनशे किलोवॅटवर सरळ चालली होती. मग एकदम खाली आली आणि साठ-सत्तरवर आडवी पडली. पंधरा-वीस मिनिटं तशीच. लोखंड तयार होतं, आणि भट्टी वाट बघत होती. मामांनी क्षणभर विचार केला आणि स्वतःच उत्तर दिलं. रसाच्या नमुन्याचा निकाल स्पेक्ट्रोमीटरच्या खोलीतून चिठ्ठीवर येईपर्यंत एक थांबा. मोल्डिंगच्या बाजूला किती साचे झालेत हे ओरडून विचारेपर्यंत दुसरा. आणि झाकण? ते उचलायला क्रेनचा हुक लागायचा, क्रेन दुसरीकडे असायची, म्हणून झाकण कोपऱ्यात भिंतीला टेकलेलं.

पुढच्या दोन महिन्यांत त्या शेडमध्ये तीन गोष्टी झाल्या. नमुन्याचा निकाल चिठ्ठीऐवजी भट्टीसमोरच्या पडद्यावर येऊ लागला. मोल्डिंग लाइनवर एक हिरवा दिवा लागला. साचे पुरेसे झाले की तो पेटतो आणि तो पेटेपर्यंत मेल्टर शेवटची शंभर अंशांची चढण चढत नाही. आणि फॅब्रिकेशनवाल्या पोरांनी भंगारातल्या चॅनेलचं, मागे वजन लावलेलं, पायानं दाबून उघडणारं झाकण केलं. तीनशे युनिटांच्या हीटमागे वीस-एक युनिट त्या आडव्या रेघेत जात होते. त्यांतले बरेचसे वाचले.

या झाकणाचं पेटंट नाही आणि कुणी घेणारही नाही. पण हे हरित तंत्रज्ञानातलं नवनिर्माण नसेल, तर त्या शब्दाचा अर्थ काय, हे मला सांगावं.

हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो. कारखान्यांचं डिजिटायझेशन झालं की हरित नवनिर्माण वाढतं का, यावर गेल्या काही वर्षांत जगभर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि त्यातला मोठा वाटा चीनमधल्या कंपन्यांवरचा आहे. शांघाय आणि शेनझेनच्या बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल घ्यायचे, त्यांत कृत्रिम बुद्धिमत्ता, बिग डेटा, क्लाउड असे शब्द किती वेळा आले ते मोजायचं, आणि त्यावरून कंपनी किती डिजिटल झाली ते ठरवायचं. दुसऱ्या बाजूला तिच्या नावावर हरित पेटंट किती, ते मोजायचं. कोणतं पेटंट हरित, याची एक यादी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेनं २०१० मध्ये केली आहे, ती बहुतेक जण वापरतात. यातल्या बहुतांश अभ्यासांचा निष्कर्ष होकारार्थी आहे. डिजिटल झालेल्या कंपन्यांना माहिती लवकर मिळते, कर्ज मिळवणं सोपं जातं, संशोधनावर खर्च वाढतो, म्हणून हरित पेटंटही वाढतात, अशी ती साखळी.

ही साखळी खोटी आहे असं मी म्हणत नाही. दिशा बरोबरच असेल. पण ज्या दोन फुटपट्ट्यांनी ती मोजली, त्या दोन्ही ऑफिसातल्या आहेत. अहवालातला शब्द ऑफिसात लिहिला जातो, पेटंटचा अर्जही ऑफिसात भरला जातो. भट्टी आणि भट्टीसमोरचा माणूस या दोन्ही मोजमापांच्या बाहेर राहतो. आणि माझा अनुभव सांगतो की डिजिटायझेशनमुळे काही नवं हरित घडणार की नाही, हे तिथंच ठरतं. मीटरनं पकडलेला आकडा वर गेला की त्याचा अहवाल होतो. खाली, ज्याच्या हातून वीज जळते त्याच्याकडे परत आला, तर त्याची युक्ती होते. एकाच मीटरचे हे दोन रस्ते आहेत.

आपल्याकडे हे समजायला कुठं लांब जायला नको. गावातल्या दूध संस्थेत बाई कॅन ठेवते, नमुना यंत्रात जातो, आणि फॅट-एसएनएफची चिठ्ठी तिच्या हातात पडते. आज फॅट कमी लागली तर काल पेंड बदलली होती हे तिला तिथल्या तिथं आठवतं. गोठ्यातला बदल त्या चिठ्ठीपासून सुरू होतो. आता ऊस बघा. काटे इलेक्ट्रॉनिक होऊन जमाना झाला, तरी काटामारीची शंका आणि त्यावरची आंदोलनं संपलेली नाहीत. ज्याचा ऊस, त्याला आकडा स्वतः पडताळता येत नाही तोवर काटा कितीही आधुनिक असो, त्याच्यावर विश्वास बसत नाही.

फौंड्रीत डिजिटल साधनानं सगळ्यात खोल बदल कुठं केला असेल, तर तो मेथडिंगमध्ये. साच्यात रस कुठून शिरणार, रनर केवढा, रायझर कुठं, हे ठरवणं म्हणजे मेथडिंग. रायझर म्हणजे गार होताना आकसणाऱ्या कास्टिंगला रस पुरवणारा साठा; तो लहान पडला तर कास्टिंग आतून पोकळ राहतं. म्हणून जुना कारागीर तो हात राखून मोठाच ठेवायचा. त्याची चूक नव्हती. चुकीची किंमत एक अख्खी हीट असेल तर कोण धाडस करेल? पण मोठ्या रायझरचं लोखंडही वितळवावं लागतं, आणि ते तोडून पुन्हा भट्टीतच जातं.

हिशेब करून बघू. ओतलेल्या लोखंडातला ६० टक्के भाग कास्टिंग होतो आणि त्यातली ८ टक्के कास्टिंग रिजेक्ट होतात, असं धरलं तर एक टन चांगल्या मालासाठी १.८१ टन लोखंड वितळवावं लागतं. रायझर नेमका बसवून ६० चे ६५ केले आणि रिजेक्शन ४ टक्क्यांवर आणलं, तर १.६० टन पुरतं. टनाला सहाशे युनिट धरले तर चांगल्या मालाच्या प्रत्येक टनामागे सव्वाशे युनिट वाचतात. आपल्या ग्रिडमधलं एक युनिट साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतं. म्हणजे टनामागे ऐंशी-नव्वद किलो. भट्टी तीच, लोखंड तेच, आणि छपरावर एकही सौर पॅनल नाही.

हे शक्य झालं संगणकावर ओतकाम करून बघता येऊ लागल्यामुळे. जर्मनीचं मॅग्मासॉफ्ट मोठ्या कारखान्यांत आधीपासून होतं. मुंबई आयआयटीत प्राध्यापक बी. रवी यांनी ऑटोकास्ट विकसित केलं, ते आपल्याकडच्या फौंड्र्यांना डोळ्यांसमोर ठेवून. पडद्यावर रायझर वीस वेळा बदलता येतो, आणि वीसपैकी एकोणीस वेळा चुकलं तरी एक किलोही लोखंड वितळत नाही. डिजिटायझेशन आणि हरित नवनिर्माण यांचा खरा सांधा मला इथं दिसतो. नवं काही करून बघताना माणूस चुकतोच. चुकणं स्वस्त झालं की तो अधिक वेळा करून बघतो. एरवी हात राखून काम करणारा माणूस हात सैल सोडतो. मात्र ते सॉफ्टवेअर नुसत्या नव्या इंजिनिअरच्या टेबलावर ठेवलं आणि पॅटर्नवाल्या जुन्या मिस्त्रीला बोलावलंच नाही, तर पडद्यावर सुंदर चित्रं येतात आणि साच्यात तीच पोकळी राहते. वाळूत ओल किती असली की वायू अडतो, हे तो मूठभर वाळू दाबून, ती मोडून, मोडलेल्या कडेकडे बघून सांगतो. संगणकाला ते कुणीतरी सांगावं लागतं.

आता आकड्याचा दुसरा रस्ता, वर जाणारा. सेबीनं २०२१ मध्ये मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांसाठी पर्यावरणीय जबाबदारीच्या अहवालाची चौकट आणली, आणि २०२२-२३ पासून वरच्या हजार कंपन्यांना तो अहवाल सक्तीचा झाला. त्या कंपन्या आपल्या पुरवठादारांना विचारतात, पुरवठादार त्यांच्या पुरवठादारांना, आणि शेवटी एक एक्सेलचा तक्ता उद्यमनगरातल्या वीस माणसांच्या कारखान्यात येऊन पडतो. तुमच्या प्रति किलो मालामागे उत्सर्जन किती? तिथला हिशेबनीस काय करणार? मागच्या वर्षीचा आकडा घेतो, थोडा कमी करतो आणि पाठवतो. हे मी नुसतं ऐकलेलं नाही, समोर बसून पाहिलं आहे. त्या माणसाला मी दोष देत नाही. ज्या आकड्याचा त्याला काही उपयोग नाही, तो त्यानं जिवापाड का मोजावा?

असा वर जाणारा आकडा कसा सडतो, याचा एक फार चांगला पुरावा गुजरातमध्ये आहे. कारखान्यांच्या प्रदूषणाची तपासणी करणारे लेखापरीक्षक कारखान्यांनीच नेमायचे आणि त्यांनीच पैसे द्यायचे, अशी पद्धत होती. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की अहवालांतले धुळीचे आकडे मर्यादेच्या जरासे खाली दाटीनं जमले होते, आणि प्रत्यक्ष फेरतपासणीत चित्र बरंच वेगळं होतं. मग काही कारखान्यांसाठी परीक्षक चिठ्ठ्या टाकून नेमले, त्यांचं मानधन सामाईक निधीतून दिलं आणि त्यांच्या कामाची अचानक फेरतपासणी ठेवली. अहवाल खरे येऊ लागले, आणि पुढं प्रदूषणही कमी झालं.

त्याच मंडळींपैकी काहींनी सुरतमध्ये पुढचं पाऊल टाकलं. २०१९ पासून तिथल्या तीनशेहून अधिक कारखान्यांच्या, मुख्यतः कापड प्रक्रियेच्या, चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रं लागली, आणि त्यांतल्या निम्म्यांसाठी धुळीच्या परवान्यांचा बाजार सुरू झाला. ठरलेल्या परवान्यांपेक्षा कमी धूळ सोडली तर उरलेले परवाने विकायचे, जास्त सोडली तर विकत घ्यायचे. बाजारातल्या कारखान्यांची धूळ इतरांच्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी घटली. मोजणारी यंत्रं दोन्ही गटांच्या चिमण्यांवर होती, हे इथं लक्षात घ्यायला हवं. फरक पडला तो मोजलेल्या आकड्याला रोखीची किंमत आल्यामुळे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१७ मध्ये कारखान्यांना एक ते पाच तारे देऊन ते जाहीर करण्याची पद्धत आणली, तिचं मला म्हणूनच अप्रूप वाटतं. निदान आकडा फाईलबाहेर, रस्त्यावर आला.

युरोपनं सीमेवर लावलेला कार्बन कर हाही असाच किंमत लावणारा बदल आहे. ऑक्टोबर २०२३ पासून नुसते अहवाल मागत होते. जानेवारी २०२६ पासून त्याचा खरा अंमल सुरू झाला. लोखंड, पोलाद, अॅल्युमिनियम त्यात आहेत. ज्याच्याकडे स्वतः मोजलेला खरा आकडा नाही, त्याच्या माथी ठरीव आकडा मारला जातो आणि तो सहसा चढा असतो. म्हणजे यापुढं खोटा आकडा महाग आणि खरा आकडा स्वस्त पडण्याची शक्यता निर्माण झाली आहे. ही फार मोठी उलथापालथ आहे आणि आपल्या छोट्या फौंड्र्यांनी तिची भीती बाळगण्यापेक्षा तिच्यासाठी भट्टीगणिक मीटर बसवावं, असं मला मनापासून वाटतं.

पण मीटर बसवताना एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरली पाहिजे. हा आकडा शिक्षेसाठी वापरायचा नाही. एका ठिकाणी आलेख आल्याबरोबर सुपरवायझरनं जास्त युनिट लागलेल्या शिफ्टचा इन्सेंटिव्ह कापला. पंधरा दिवसांत नोंदी एकदम सुंदर झाल्या. तापमानाची टीप रसात बुडवायची वेळ बदलली, हीट सुरू झाल्याची कळ उशिरा दाबली जाऊ लागली, आणि महिन्याचं बिल मात्र होतं तेवढंच. मापणाऱ्या यंत्राला फसवण्याची कला कामगार एका आठवड्यात शिकतो. त्याच हुशारीतून झाकणही तयार होतं. ती कुठल्या बाजूला वळेल, हे व्यवस्थापन त्याच्याशी कसं वागतं यावर आहे.

दुसरी गोष्ट मालकीची. पुष्कळ नव्या यंत्रांचा डेटा थेट यंत्र विकणाऱ्याच्या सर्व्हरवर जातो, आणि कारखान्याला तो वर्षाचं भाडं भरून पडद्यावर नुसता बघायला मिळतो. माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात भाडं थकलं तेव्हा पडदा बंद झाला आणि चार वर्षांच्या हीटच्या नोंदी गेल्या. वीज तुम्ही जाळलीत, लोखंड तुम्ही वितळवलंत, आणि ते कसं वितळलं याची आठवण दुसऱ्याच्या मालकीची. खरेदीच्या करारात एक ओळ घालायला हवी: नोंदी कारखान्याच्या, आणि साध्या फाईलमध्ये केव्हाही उतरवून घेता येतील अशा. या एका ओळीसाठी छोट्या उद्योजकाला वकील लागू नये. त्यांच्या संघटनांनी एकदाच तिचा मसुदा करून सगळ्यांना द्यावा.

यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. विल्यम स्टॅनली जेव्हन्सनं १८६५ मध्ये इंग्लंडच्या कोळशाबद्दल लिहिताना दाखवलं होतं की वाफेचं इंजिन जसजसं काटकसरी झालं, तसतसा कोळशाचा एकूण खप वाढत गेला. स्वस्त झालेली गोष्ट माणूस जास्त वापरतो. आमच्या भट्टीवरही हे होतं. प्रत्येक हीटमागे पंधरा मिनिटं वाचली की शिफ्टमध्ये एक हीट जास्त बसते, आणि मालक ती बसवतोच. शिवाय हे सगळं साठवणारी डेटा सेंटरंही वीज खातात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानं २०२४ मध्ये जगातल्या वीजवापरात दीड टक्का वाटा त्यांचा होता. हा आक्षेप मी टाळू शकत नाही. माझं उत्तर एवढंच की भट्टीच्या मीटरला लागणारा डेटा अगदी किरकोळ आहे; आणि जास्तीची हीट ज्या बाजारासाठी ओतली जाते, तो माल एरवी दुसऱ्या कुणीतरी, कदाचित जास्त वीज जाळून, ओतलाच असता. पण एकूण खपाला लगाम कारखान्याच्या आत बसून घालता येत नाही. तो किमतीनं आणि कायद्यानंच घालावा लागतो, आणि त्या कामाला संगणक लावून पळवाट काढू नये.

कोल्हापूरला एकत्र येण्याची सवय नवी नाही. वापरलेल्या वाळूचा प्रश्न एकेकट्याला सुटेना, तेव्हा इथल्या फौंड्री क्लस्टरनं वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारा सामाईक प्रकल्प उभा केला. वाळू एकत्र करता येते, तर हीटचे आलेख का नाहीत? नाव झाकून, भट्टीचं माप आणि लोखंडाची जात तेवढी लिहून, तीनशेपैकी पन्नास फौंड्र्यांनी जरी आपल्या आडव्या रेघा एका ठिकाणी ठेवल्या, तर कागलच्या पोरांनी केलेलं झाकण शिरोलीला दुसऱ्या महिन्यात पोचेल. आज ते पोचतं फक्त एखादा मेल्टर नोकरी बदलतो तेव्हा.

आणि विजेचं घड्याळही आता उलटं फिरतं आहे. रात्रीचं युनिट स्वस्त, म्हणून फौंड्र्यांची पिढीच्या पिढी रात्री जागली. पण सौरऊर्जा वाढली, तशी दुपारची वीज मुबलक झाली. केंद्र सरकारनं जून २०२३ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले आणि दिवसातले आठ सौर तास नेहमीच्या दरापेक्षा स्वस्त ठेवण्याचं धोरण आणलं. उद्योगांसाठी ते एप्रिल २०२४ पासूनचं. त्याच लोखंडाची हीट रात्रीऐवजी दुपारी घेतली, तर ती कोळशाऐवजी उन्हावर वितळण्याची शक्यता वाढते.

मामांना मी हे समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी घरचं बोलून दाखवलं. रात्रपाळी सुटली तर नातवाला शाळेत सोडता येईल. मग वर पत्र्याकडे बघत म्हणाले, "खरं एप्रिल-मेत दुपारी हितं उभं ऱ्हाऊन दावा." त्यांचं बरोबर होतं. चाळीस अंशांच्या दुपारी, पत्र्याखाली, भट्टीच्या तोंडाशी माणूस किती वेळ टिकेल, हे कुठल्याच आलेखात नव्हतं. त्यांनी पॅनलच्या दारावर चिकटवलेला जुना आलेख बाजूला सारला आणि खडूनं खाली एक नवा रकाना आखला, शेडमधल्या हवेच्या तापमानाचा. थर्मामीटर खांबाला बांधून झाला आहे. पहिल्या नोंदी येत्या उन्हाळ्यात होतील.